बॅरिस्टर नाथ पै : कोर्टातून संसदेत

सिंधुदुर्गात वकिली करताना मला नाथ पैंची संसदेतली भाषणं पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात. वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेले, विलायतेत बॅरिस्टर झालेले नाथ पै १९५७ पासून सलग तीनदा राजापूरमधून लोकसभेवर निवडून गेले. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात अकरांपैकी सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला : मूलभूत हक्कांना संसदेने कात्री लावायची नाही. विरोधी बाकावरच्या नाथ पैंनी लगेच खासगी विधेयक आणलं. घटनादुरुस्तीचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेकडेच हवा, हा त्यांचा आग्रह. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने तो अधिकार कलम ३६८ मध्ये स्पष्ट लिहिला गेला. नव्या वकिलांनी ती भाषणं जरूर वाचावीत.