ज्वलनभंग, एंजिनातील

पेट्रोल एंजिनाच्या एखाद्या सिलिंडरात घेतलेले इंधन-हवा मिश्रण योग्य वेळी न पेटणे किंवा अपुरे जळणे, यास ज्वलनभंग म्हणतात. कारागीर यालाच ‘मिसफायर’ किंवा ‘मिसिंग’ म्हणतात. चार धावांच्या एंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरात एकदा ज्वलन होते. ते चुकल्यास शाफ्टचा वेग क्षणभर मंदावतो. गाडीस हिसके बसतात, शक्ती घटते व निकासातून न जळलेल्या पेट्रोलाचा वास येतो.

कारणे : ज्वलनास पुरेशी ठिणगी, योग्य मिश्रण व पुरेसे संपीडन या तीन गोष्टी लागतात. झिजलेला स्पार्क प्लग किंवा सदोष कॉइल यांमुळे ठिणगी दुबळी होते. तुंबलेला इंजेक्टर, इंधनाचा अपुरा दाब किंवा सेवन नळीतील गळती यांमुळे मिश्रण बिघडते. जळालेली झडप, झिजलेल्या पिस्टन रिंगा किंवा फुटलेले गॅस्केट यांमुळे संपीडन घटते.

दर्शक दिवा : क्रँकशाफ्टजवळील संवेदकाने टिपलेल्या वेगातील फरकांवरून इलेक्ट्रॉनिक नियंत्रक कोणत्या सिलिंडरात ज्वलन चुकले ते ओळखतो, दोषांक नोंदवितो व दिवा लावतो. भारत स्टेज चार मानकांच्या मोटारींना २०१३ पासून अशी ओबीडी-दोन यंत्रणा आवश्यक झाली. स्थिर दिवा दोषाची नोंद झाल्याचे सांगतो. दिवा लुकलुकू लागल्यास मात्र भार तत्काळ कमी करून गाडी थांबविणे इष्ट ठरते. कारण न जळलेले पेट्रोल उत्प्रेरक परिवर्तकात पेटून त्यातील मृत्तिकेची जाळी वितळू शकते. मूळ दोष अल्प खर्चाच्या प्लगाचा असला, तरी परिवर्तक बदलणे फार महाग पडते.

चढणीवरील दोष : सपाटीवर न जाणवणारा ज्वलनभंग घाटात उघड होतो. कोल्हापूर (सु. ५५० मी.) ते पन्हाळा (सु. ९५० मी.) हा सु. २० किमी.चा मार्ग याचे चांगले उदाहरण आहे. या चढात हवेचा दाब सु. ५ टक्क्यांनी घटतो. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाडीत त्यामुळे मिश्रण किंचित समृद्ध होते. नियंत्रक असलेली गाडी ही घट स्वतः भरून काढते. म्हणून दोष उंचीस देणे बहुधा चुकीचे ठरते. खरे कारण भार हे असते. थ्रॉटल अधिक उघडल्याने सिलिंडरातील दाब वाढतो व प्लगाच्या फटीतून ठिणगी पडण्यास अधिक विद्युत् दाब लागतो. दुबळी कॉइल तो पुरवू शकत नाही. पन्हाळ्याचा पाऊस व धुके यांत प्लगाच्या खळग्यात ओल शिरल्यास विद्युत् प्रवाह बाहेरच्या बाहेर गळतो.

निदान : दोषांक वाचल्याशिवाय पुसू नये, दोष नोंदला गेला त्या वेळचा वेग, भार व तापमान त्याच्याबरोबर साठविलेले असतात. पी०३०० हा अनेक सिलिंडरांतील, तर पी०३०३ हा तिसऱ्या सिलिंडरातील ज्वलनभंग दर्शवितो. अंक सिलिंडर सांगतो, सदोष भाग सांगत नाही. त्यासाठी तिसऱ्या सिलिंडराची कॉइल पहिल्यास लावून पाहतात. नवा अंक पी०३०१ आल्यास दोष कॉइलचा होय. अंक तोच राहिल्यास प्लग व नंतर इंजेक्टर याच रीतीने तपासतात आणि शेवटी संपीडन मोजतात. एका वेळी एकच भाग हलवावा, अन्यथा निष्कर्ष काढता येत नाही. अनेक सिलिंडरांत दोष असल्यास इंधनदाब, हवागळती यांसारखे समाईक कारण प्रथम शोधतात.

वापरलेली स्पोर्ट्स कार : अशा गाडीचे एंजिन उच्च संपीडनाचे वा टर्बोयुक्त असल्याने ठिणगीवरील ताण अधिक असतो. एंजिन आसनांमागे असल्यास प्लगांपर्यंत पोहोचणे कष्टाचे असते व त्यांची बदली लांबणीवर पडते. पूर्वीच्या मालकाने नियंत्रकाची आज्ञावली किंवा निकास नळी बदललेली असणेही शक्य असते. विक्रीपूर्वी दोषांक पुसून दिवा विझविता येतो; परंतु तसे केल्यास यंत्रणेच्या अंतर्गत चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात. बॅटरी काढल्यानेही असे होत असल्यामुळे हा फसवणुकीचा पुरावा ठरत नाही. तथापि अशी गाडी एंजिन तापल्यानंतर लांब चढणीवर चालवून व दोषांक पुन्हा वाचूनच खरेदीचा निर्णय घेणे श्रेयस्कर होय.