बिनतारी जोडणीतील जुनी नोंद व तिची दुरुस्ती

शाळेतील संगणक काल सायंकाळपर्यंत सुरळीत चालत होता. आज सकाळी तो सुरू केला असता वायफायचे नाव पडद्यावर दिसते, परंतु जोडणी मात्र होत नाही. अशा वेळी संगणकच बिघडला असा समज होतो व तो दुरुस्तीसाठी तालुक्याच्या गावी नेला जातो. तेथे तो दुसऱ्या वायफायवर विनातक्रार चालतो, आणि शाळेत परत आणल्यावर मूळची अडचण पुन्हा उभी राहते. 2022-23 या शैक्षणिक वर्षापासून यूडायस प्लसवर प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती स्वतंत्रपणे भरावी लागते. मुदत संपत आली असता संगणक असा शाळेबाहेर अडकला, तर मुलांच्या नोंदी अपुऱ्या राहण्याचा धोका असतो. वस्तुतः पुष्कळ वेळा यंत्रात काहीच दोष नसतो. संगणकाने जपून ठेवलेली एक नोंद तेवढी जुनी झालेली असते, आणि ती पाच-दहा मिनिटांत शिक्षकांना स्वतःच दुरुस्त करता येते.

प्रोफाइल म्हणजे काय?

संगणक एखाद्या वायफायला प्रथम जोडला जातो, तेव्हा तो त्या जोडणीची नोंद आपल्याजवळ ठेवतो. तीत मुख्यतः चार गोष्टी असतात : वायफायचे नाव, सुरक्षेचा प्रकार, पासवर्ड आणि ‘पुढच्या वेळी आपोआप जोडावे की नाही’ ही सूचना. या नोंदीस प्रोफाइल म्हणतात. तिच्यामुळेच रोज पासवर्ड लिहावा लागत नाही. परंतु राउटरमध्ये बदल झाला म्हणजे ही नोंद आपोआप बदलतेच असे नाही. राउटर नवा बसविला व त्याला जुनेच नाव दिले, कोणी पासवर्ड बदलला, किंवा सुरक्षेचा प्रकार बदलला, तरी संगणक जुन्याच नोंदीवर विसंबून राहतो. दाराचे कुलूप बदलावे आणि घरच्या माणसाने खिशातील जुनीच किल्ली फिरवीत राहावे, तसा हा प्रकार होय.

पनवेल तालुक्यातील करंजाडे परिसरातील शिक्षकांना ही गोष्ट चटकन उमगेल. मूळ गावाशेजारी येथे सिडकोने वसाहत विकसित केली. 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्‌घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी ज्या गावांतील कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली, त्यांपैकी काही कुटुंबे करंजाडे-वडघर परिसरात राहावयास आली. कुटुंबाचे नाव तेच राहिले, पत्ता मात्र बदलला. अशा वेळी शाळेच्या वहीत जुनाच पत्ता राहिला, तर पालकांना पाठविलेले पत्र पोहोचणार नाही. त्यात दोष पालकांचा नाही व टपालवाल्याचाही नाही. वहीतील नोंद तेवढी सुधारावयास हवी. संगणकातील प्रोफाइलचेही असेच आहे.

दोष कोठे आहे, हे आधी ठरवावे

नोंद पुसण्याची घाई करू नये. पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.

1. संगणकाचे वायफाय चालू आहे काय? ‘एअरप्लेन मोड’ चुकून चालू झाला असल्यास सर्व बिनतारी जोडण्या बंद होतात. टेबलावरील पुष्कळ संगणकांत वायफायची सोय मुळात नसते. ती मागे लावलेल्या लहानशा यूएसबी ॲडॉप्टरमुळे मिळते. झाडलोट करताना तो सैल झाला आहे काय, हे पाहावे.

2. शाळेच्या वायफायचे नाव यादीत दिसते काय? दिसत नसल्यास राउटरची वीज व अंतर तपासावे. जुने ॲडॉप्टर बहुधा 2.4 गिगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यावर चालतात. राउटर केवळ 5 गिगाहर्ट्झवर ठेवला असेल, तर अशा संगणकास तो दिसणारच नाही.

3. त्याच वायफायवर मोबाइल जोडला जातो काय? मोबाइलमध्येही जुनीच नोंद असू शकते. म्हणून त्यात पासवर्ड नव्याने घालून पाहावे. तोही जोडला न गेल्यास राउटर किंवा पासवर्ड यांकडे लक्ष द्यावे. मोबाइल जोडला जातो व संगणक मात्र जोडला जात नाही, असे आढळल्यास संगणकातील प्रोफाइल जुने असण्याचा संभव अधिक.

4. संगणक भलत्याच वायफायला जोडलेला नाही ना? करंजाडेसारख्या दाट वस्तीत आसपासच्या इमारतींतील कितीतरी नावे यादीत दिसतात. पूर्वी एखाद्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम केले असल्यास संगणक त्याचीच वाट धरतो. अशा नावापुढील ‘आपोआप जोडावे’ ही खूण काढून टाकावी.

जुनी नोंद पुसून नवी करण्याची रीत

प्रथम चालू पासवर्ड हाती असल्याची खात्री करावी. हा नियम कधीही मोडू नये. पासवर्ड कोणास ठाऊक नसताना नोंद पुसली, तर जी थोडीफार सोय होती तीही जाते. पासवर्ड बदललेला नसल्यास तो जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर पाहता येतो. विंडोज 11 च्या नव्या आवृत्त्यांत ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’ या यादीत वायफायचे नाव उघडले असता तो दाखविण्याची सोय आहे. पासवर्ड बदलला असल्यास मात्र ज्याने राउटर बसविला त्याच्याकडूनच तो घ्यावा लागेल.

त्यानंतर विंडोज 10 अथवा 11 मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडावे. त्यात ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘वायफाय’ व त्यात ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’ असा क्रम आहे. येथे संगणकास माहीत असलेल्या सर्व वायफायची यादी दिसते. शाळेचे नाव निवडून ‘फरगेट’ हे बटण दाबावे. नंतर वायफायच्या यादीतून तेच नाव पुन्हा निवडून पासवर्ड लिहावा. उबुंटूसारख्या प्रणालीतही वायफायच्या सेटिंग्जमध्ये अशीच नोंद असते व तीही पुसून नव्याने करता येते.

पासवर्ड लिहिताना तीन चुका वारंवार होतात. कळफलक मराठीवर राहिलेला असतो, मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली असते, किंवा इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांत गोंधळ होतो. लहान व मोठी अक्षरे संगणक वेगळी मानतो. शेजारील डोळ्याच्या खुणेवर दाबल्यास लिहिलेली अक्षरे दिसतात. ती एकदा वाचून पाहावी. वायफायचा पासवर्ड सामान्यतः किमान आठ अक्षरांचा असतो, हेही लक्षात ठेवावे.

‘नेटवर्क रीसेट’ हा उपाय सर्वांत शेवटी करावा. त्यामुळे शाळेच्या एका नोंदीबरोबर इतर सर्व वायफायच्या नोंदीही जातात, आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

जोडणी आहे, पण इंटरनेट नाही

संगणक वायफायला जोडला गेला, परंतु ‘नो इंटरनेट’ असे दिसते, तेव्हा पासवर्डची नोंद पुसून बहुधा काही साधत नाही; कारण संगणक व राउटर यांची गाठ पडलेली आहे. मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून तो वायफायवर चालतो काय, ते पाहावे. तोही न चालल्यास बाहेरील सेवा बंद असावी व सेवा देणाऱ्यास कळवावे. मोबाइल चालत असून संगणकाचा आयपी पत्ता 169.254 या आकड्यांनी सुरू होत असेल, तर त्यास राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असे समजावे. राउटर बंद करून मिनिटभराने पुन्हा चालू करावा. पूर्वी कोणी पत्ता हाताने भरून ठेवला असल्यास तो पुन्हा स्वयंचलित करावा.

जुन्या संगणकांच्या बाबतीत आणखी एक कारण सहज नजरेआड होते. आतील लहान बॅटरी संपली म्हणजे संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे जाते. वायफाय उत्तम चालत असूनही मग सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. म्हणून पडद्यावरील तारीख व वेळ आधी पाहून घ्यावी.

‘प्रोफाइल’ या शब्दाचा दुसरा अर्थ

विंडोजमध्ये प्रत्येक जोडणीस ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असेही एक प्रोफाइल असते. ‘पब्लिक’ निवडल्यास आपला संगणक त्या जाळ्यातील इतर यंत्रांपासून झाकलेला राहतो. ‘प्रायव्हेट’ निवडल्यास छपाईयंत्र व फाइली एकमेकांस वापरू देता येतात. इंटरनेट चालते, परंतु शाळेतील सामाईक छपाईयंत्र सापडत नाही, अशा वेळी ही निवड तपासावी. शाळेच्या स्वतःच्या वायफायसाठी ‘प्रायव्हेट’ व इतर सर्वत्र ‘पब्लिक’ ठेवणे योग्य होय.

केवळ नावावर विश्वास ठेवू नये

पासवर्ड नसलेल्या खुल्या वायफायच्या नोंदीत पडताळून पाहण्याजोगे काहीच नसते. त्याच नावाचे खुले वायफाय दुसऱ्या कोणी सुरू केले, तरी संगणक त्यालाही आपलेच समजून आपोआप जोडला जाऊ शकतो. पासवर्ड असलेल्या जोडणीत एवढ्या सहज अशी फसगत होत नाही. म्हणून खुले वायफाय कधी वापरलेच, तर काम संपताच त्याची नोंद पुसावी. शाळेच्या नेहमीच्या नावाचे वायफाय एखादे दिवशी पासवर्ड न मागता उघडले, तर त्यावर काम करू नये. शाळेच्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असतात. ही माहिती पालकांनी विश्वासाने शाळेच्या स्वाधीन केलेली असते आणि मुदतीच्या घाईतही तिची राखण झाली पाहिजे.

नव्या राउटरसाठी डब्ल्यूपीए 2 अथवा डब्ल्यूपीए 3 हाच सुरक्षेचा प्रकार निवडावा. पैकी दुसरा 2018 साली आला असून काही जुने ॲडॉप्टर त्यावर चालत नाहीत. राउटर बदलल्यानंतर जुना संगणक जोडला जाईनासा झाला, तर हेही एक कारण असू शकते. अशा वेळी सुरक्षा काढून टाकू नये, तर दोन्ही प्रकार चालतील अशी मिश्र निवड करावी.

मुख्याध्यापकांनी वायफायचे नेमके नाव, सुरक्षेचा प्रकार, पासवर्ड बदलल्याची तारीख आणि सेवा देणाऱ्याचा तक्रार क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा. पासवर्ड मात्र भिंतीवर अथवा राउटरवर न चिकटविता कुलपात ठेवावा. बदलीमुळे एक शिक्षक गेले व दुसरे आले, तरी पदभार देतानाच्या यादीत ही वही असावी. शाळेचा पासवर्ड बदलला की त्याच दिवशी सर्व संगणकांतील जुनी नोंद पुसून नवी करावी व एकदा जोडून पाहावे, म्हणजे माहिती भरण्याच्या शेवटच्या दिवशी हे काम पुढे उभे राहणार नाही.