निर्देशांक : टोपली कुणाची, भाव कुठला?



महागाईवर बोलावयास विद्वान वक्ते पुष्कळ मिळतात. आपण कामगार चळवळीतल्या माणसास बोलावलेत, याचे कारण एवढेच की, आमच्या लोकांचा महागाई भत्ता ज्या आकड्यावर ठरतो, तो आकडा आम्हांस दर महिन्यास पाहावा लागतो. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. हे गणित आम्ही कारखान्याच्या दारात शिकलो.

एका गेट मीटिंगमध्ये आम्ही ठणकावून सांगितले, "सरकारी निर्देशांक खोटा आहे!" टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर एक वयस्क कामगार बाई जवळ आल्या नि म्हणाल्या, "भाऊ, हा खोटा, तर खरा कसा काढायचा ते सांगा की." आम्हांस सांगता आले नाही. त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

औद्योगिक कामगारांचा ग्राहक मूल्य निर्देशांक केंद्र सरकारचे लेबर ब्यूरो दर महिन्यास काढते. त्यामागची कल्पना साधी आहे. कामगाराच्या घरात काय काय लागते त्याची एक टोपली ठरवावयाची, प्रत्येक वस्तू किती हे कायम ठेवावयाचे, आणि तीच टोपली आज घ्यावयाची तर किती पैसे पडतील ते पाहावयाचे. पायाभूत वर्षी 100 रुपये पडत होते, आज 130 पडतात. तर निर्देशांक 130.

ही टोपली कुणा अधिकाऱ्याच्या मनातून येत नाही. कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, मोटार वाहतूक, वीज आणि बंदरे यांतील कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करून ती ठरते. सध्याच्या मालिकेचे पायाभूत वर्ष 2016 आहे. देशातील 88 केंद्रांत ठरावीक बाजारांतून भाव गोळा होतात. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि सोलापूर ही त्यांपैकीच. घरभाड्याचा आकडा मात्र सहा महिन्यांनी, जानेवारीत व जुलैत बदलतो.

आता वजनाची गोष्ट. मीठ दुप्पट महाग झाले तर घर बुडत नाही. भाडे दुप्पट झाले तर बुडते. म्हणून ज्यावर खर्च जास्त, त्यास भार जास्त. 2001 च्या मालिकेत शंभरांपैकी सुमारे 46 भार खाण्यापिण्यास होता. 2016 च्या मालिकेत तो 39 वर आला. औषधपाणी, शिक्षण, प्रवास वगैरे मिळून होणाऱ्या किरकोळ गटाचा भार 23 वरून 30 वर गेला.

याचा परिणाम पाहा. समजा, खाण्याच्या वस्तू दहा टक्क्यांनी महागल्या आणि बाकी भाव स्थिर राहिले. खाण्याचा भार 39, म्हणून निर्देशांक 100 वरून 103.9 होईल. पण ज्या घरात शंभरांतले 60 रुपये पोटावरच जातात, त्या घरास तीच महागाई 106 वर नेते. निर्देशांक खोटा नव्हता. तो सरासरी कुटुंबाचा होता, आणि आमच्या त्या बाईंचे घर सरासरीच्या खाली होते.

दुसरी गफलत वर्तमानपत्र वाचताना होते. 'महागाईचा दर उतरला' म्हणजे भाव उतरले असे नव्हे. शंभराची टोपली पहिल्या वर्षी 110 ची झाली, दुसऱ्या वर्षी 114 रुपये 40 पैशांची. दर दहावरून चारवर आला. टोपली मात्र महागच होत गेली.

तिसरी गोष्ट थेट पगाराची. काही करारांत निर्देशांकाच्या दर अंकामागे ठरावीक रक्कम भत्ता मिळतो. 2016 च्या मालिकेतील 100 म्हणजे 2001 च्या मालिकेतील 288. नवा आकडा 2.88 ने न गुणता जुन्या करारास लावला, तर नवा एक अंक वाढला म्हणजे जुने जवळजवळ तीन अंक वाढले, हे कुणाच्या ध्यानात येणार नाही आणि कामगार दोन अंकांचा भत्ता गमावून बसेल.

अशी गणिते तपासता येतात काय? येतात. 1963 साली मुंबईच्या निर्देशांकात खरी महागाई दिसत नाही अशी तक्रार कामगार संघटनांनी लावून धरली. राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने दोष मान्य करून दुरुस्ती सुचविली. कामगारांची ओरड रास्त होतीच. पण कोणता भाव, कोणत्या प्रतीच्या मालाचा, कोणत्या हिशेबाने धरला, हे विचारल्यावर तिला धार आली.

म्हणून आमची विनंती आहे. आपल्या घरचा तीन महिन्यांचा खर्च वहीत मांडा. खाणे, भाडे, औषध, शाळा, प्रवास असे रकाने पाडा. शंभरांत प्रत्येकाचा वाटा किती ते काढा आणि सरकारी भाराशेजारी ठेवा. त्या बाईंनी पुढे अशी वही घातली. पुढल्या कराराच्या वाटाघाटीस आम्ही बसलो, तेव्हा भाषणाच्या टिपणाऐवजी तीच वही बरोबर नेली होती.