नाव आले, रक्तगट राहिला

रायपूरच्या आमच्या शाळेत छात्रांची यादी एक्सएमएल फाइलमध्ये असते. शिबिराला निघण्यापूर्वी तिची प्रत हवी होती: पत्ते वगळायचे, बाकी जसेच्या तसे. मी संगणक शिकवतो, म्हणून काम माझ्याकडे आले. एक्सएसएलटीत ते दहाएक ओळींचे. तरी मी दोनदा चुकलो. छात्रमित्रांनो, त्या चुका तुमच्या उपयोगी पडतील.

आधी फाइलची रचना पाहा. प्रत्येक छात्र हा एक एलिमेंट. त्याच्या आत नाव आणि पत्ता हे एलिमेंट, त्यांच्यात मजकूर. रक्तगट मात्र छात्राच्या टॅगमध्येच ॲट्रिब्यूट म्हणून लिहिलेला. काही ठिकाणी 'पेनिसिलिन चालत नाही' अशी कॉमेंट. हे सगळे नोडच, पण वेगवेगळ्या प्रकारचे. १९९९ च्या एक्सएसएलटी १.० मध्ये असे सात प्रकार मानले आहेत.

पहिल्यांदा मी पत्त्यासाठी फक्त एक रिकामे टेम्पलेट लिहिले. बाकीचे आपोआप उतरेल असे वाटले. उतरली ती नुसती नावे, सलग चिकटलेली. आपण नियम दिला नाही, तर एक्सएसएलटी स्वतःचे नियम लावते: एलिमेंटचा टॅग सोडून आत शिरते, मजकूर छापते, कॉमेंट गाळते.

मग मी 'नोड()' जुळवून कॉपी करणारे टेम्पलेट जोडले. टॅग आले, नावे आली, कॉमेंटही आल्या. यादी अगदी नीट दिसत होती. एमआय रूममधल्या सिस्टरनी ती पाहून विचारले, "सर, रक्तगट कुठे आहेत?"

एकही नव्हता. 'कॉपी' ही आज्ञा एलिमेंटचे फक्त कवच उतरवते. आतले आपण मागवायचे असते. आणि 'नोड()' म्हणजे तिथे फक्त अपत्य नोड. ॲट्रिब्यूट हे एलिमेंटचे असते, पण त्याचे अपत्य मानले जात नाही. रांगेतल्या मुलांना हाक मारली तर मुले येतात. छातीवरची नेमप्लेट वेगळी मोजावी लागते.

उपाय छोटा आहे: '@*|नोड()' असे लिहायचे, आणि तेही दोन्ही जागी, म्हणजे टेम्पलेट जुळवताना आणि आतले नोड मागवताना. फक्त मागवताना लिहिले, तर रक्तगट येतो, पण साधा मजकूर होऊन नावाला चिकटतो. पत्त्याचे रिकामे टेम्पलेट तसेच ठेवायचे. नाव घेऊन लिहिलेला नियम सर्वसाधारण नियमाच्या वर चालतो. 'कॉपी-ऑफ' वापरले असते तर सगळे एकदम आले असते, पण पत्त्यांसकट.

आता मी नवी यादी देण्यापूर्वी दोन्ही फाइलींतील छात्र, रक्तगट आणि कॉमेंट वेगवेगळे मोजतो. आकडे जुळले, तरच यादी एमआय रूमकडे जाते.