'सावकाश' या शब्दाचे माप : धुके, धूर आणि महामार्गावरील वेग

हिवाळ्यात उत्तर भारतातील महामार्गांवर आणि पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटांत 'पुढे धुके आहे, वाहने सावकाश हाका' अशा आशयाच्या सूचना ठिकठिकाणी आढळतात. व्याकरणदृष्ट्या अशा वाक्यात कोणताही दोष नाही. अर्थदृष्ट्या मात्र त्यात एक मोठी उणीव आहे. 'सावकाश' हे सापेक्ष क्रियाविशेषण होय. कशाच्या तुलनेने सावकाश, हे ऐकणाऱ्याने स्वतःच ठरवावयाचे असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारा चालक ताशी ८० वर उतरला की आपण सूचना पाळली, असे तो प्रामाणिकपणे मानतो. दैनंदिन व्यवहारात अशी सापेक्षता खपून जाते, कारण तुलनेचे प्रमाण बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते. धुक्यात नेमके तेच प्रमाण नाहीसे झालेले असते. म्हणून धुक्यातील सुरक्षिततेचा प्रश्न हा पुष्कळ अंशी विशेषणांच्या जागी मापे आणण्याचा प्रश्न आहे. त्याचीच मांडणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

प्रथम 'धुके' या संज्ञेचा विचार करू. संस्कृतातील 'धूमिका' हा धुक्याचा वाचक शब्द 'धूम' म्हणजे धूर यापासून झाला आहे, आणि मराठीतील 'धुई' हा त्याच घराण्यातला. जुन्या भाषिकांनी धूर आणि धुके यांना सगोत्र मानले, ते डोळ्यांवरील परिणामाकडे पाहून. लंडन येथे १९०५ साली देव्हू नावाच्या वैद्याने इंग्रजीतील धूर व धुके यांच्या वाचक शब्दांची सांधणी करून 'स्मॉग' हा शब्द रूढ केला, आणि मराठीने त्याच धर्तीवर 'धुरके' घडविले. हवामानशास्त्राची व्याख्या मात्र सादृश्यावर न थांबता अंतरावर आधारलेली आहे. ज्या स्थितीत क्षितिजसमांतर दृश्यता १,००० मीटरहून कमी होते, ती धुक्याची स्थिती. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीनुसार दृश्यता ५०० ते ९९९ मीटर असता विरळ, २०० ते ४९९ मीटर असता मध्यम, ५० ते १९९ मीटर असता दाट आणि ५० मीटरहून कमी असता अतिदाट धुके समजतात. म्हणजे शास्त्राच्या परिभाषेत 'दाट' हे विशेषण राहिलेले नसून ते एक माप झाले आहे. हे माप रस्त्यावरील चालकापर्यंत पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे.

चालकाला या मापाची गरज का आहे, हे थांबण्याच्या अंतराच्या हिशेबावरून स्पष्ट होईल. समोर अडथळा दिसल्यापासून वाहन पूर्ण थांबेपर्यंतच्या अंतराचे दोन भाग पडतात. पाहणे, ओळखणे, ठरविणे आणि ब्रेकवर पाय नेणे यांत गेलेल्या वेळात वाहन जे अंतर कापते तो पहिला भाग, आणि प्रत्यक्ष ब्रेक लागल्यानंतरचे अंतर हा दुसरा. इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्यांच्या आखणीसाठी पहिल्या भागास २.५ सेकंद धरले आहेत. त्या हिशेबाने ताशी ४० किलोमीटर वेगास सुमारे ४५ मीटर, ६० किलोमीटर वेगास ८० मीटर आणि १०० किलोमीटर वेगास १८० मीटर अंतर लागते. वेग अडीचपट वाढला की अंतर चौपट होते. आता दृश्यता ५० मीटर आहे, म्हणजे धुके 'दाट' आणि 'अतिदाट' यांच्या सीमेवर आहे, असे समजू. ताशी १०० किलोमीटर वेगाचे वाहन २.५ सेकंदांत जवळजवळ ७० मीटर पुढे जाते, आणि ताशी ८० चे वाहन ५५ मीटर. दोन्ही चालकांचा पाय ब्रेकवर टेकण्यापूर्वीच दिसणारे सर्व अंतर संपलेले असते. अशा वेळी ८० हा वेग १०० च्या मानाने 'सावकाश' असला तरी परिणाम एकच होतो. ५० मीटर दृश्यतेत सुरक्षित वेग ४० किंवा त्याहून कमी होय. घाटातील ओल्या रस्त्यावर ब्रेक कमी पकडतो, म्हणून तेथे हाही आकडा खाली आणला पाहिजे.

येथे असा प्रश्न उपस्थित होतो की, डोळ्यांना धोका दिसत असता चालक स्वाभाविकपणे वेग का कमी करीत नाही? याचे उत्तर दृष्टीच्या शास्त्रात सापडते. वस्तू दिसते ती पार्श्वभूमीशी असलेल्या भेदामुळे. कोशमीडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२४ साली दाखविले की, धुकट हवेत हा भेद अंतराबरोबर घातांकी नियमाने घटत जातो. जवळची वस्तू बऱ्यापैकी स्पष्ट, थोडी पलीकडची पुसट आणि त्याहून पलीकडची अदृश्य, असा क्रम लागतो. १९९८ साली 'नेचर' या नियतकालिकात स्नोडेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, दृश्यातील भेद कमी केला असता चालकांना स्वतःचा वेग असतो त्याहून कमी भासतो, आणि ते नकळत अधिक वेगाने वाहन चालवितात. पुढे २०१२ साली प्रेट्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या निष्कर्षास महत्त्वाची मर्यादा घातली. सर्व दृश्य सारखेच पुसट केले तर वेग कमी भासतो हे खरे, परंतु खऱ्या धुक्याप्रमाणे दूरचे अधिक आणि जवळचे कमी पुसट केले तर वेग उलट जास्त भासतो व चालक मंदावतात. या दोन निष्कर्षांत विरोध नाही, आणि त्यांतून एक व्यावहारिक बोध निघतो. आतून वाफ धरलेली किंवा मळकट काच सर्व दृश्य सारखेच पुसट करते, आणि त्यामुळे धुक्याने दिलेली नैसर्गिक सूचनाही ती हिरावून घेते. यास्तव काच आतून-बाहेरून स्वच्छ ठेवणे आणि तिच्यावर कोरडी हवा खेळती ठेवणे याला धुक्यात पहिले स्थान दिले पाहिजे.

अंतराच्या अंदाजाचीही अशीच फसगत होते. फ्रान्समधील काव्हालो व सहकाऱ्यांच्या २००१ सालच्या अभ्यासात धुक्यातील मागचे दिवे प्रत्यक्षाहून सरासरी सुमारे ६० टक्के अधिक दूर भासल्याचे नोंदलेले आहे. पुढच्या वाहनाचा तांबडा दिवा धरून त्याच्या मागोमाग जाण्याची चालकांची सवय यामुळेच घातक ठरते. तो दिवा वाटाड्या वाटतो, पण तो दोनदा फसवितो. एकदा तो दूर भासतो म्हणून, आणि दुसऱ्यांदा पुढचा चालक चुकला तर मागचाही त्याच चुकीत जातो म्हणून.

स्वतःच्या दिव्यांविषयीही काही समज तपासून घेतले पाहिजेत. वरचा झोत टाकल्यास धुक्यातील थेंब तो प्रकाश परत डोळ्यांकडे फेकतात, आणि चालकासमोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून खालचा झोत, आणि असल्यास जमिनीलगत बसविलेले धुक्याचे दिवे वापरावेत. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, ही समजूत मात्र निराधार आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने पुष्कळच मोठे असल्यामुळे सर्व रंग ते जवळजवळ सारखेच विखुरतात. धुराचे कण त्यांहून फार बारीक असतात, म्हणून धुरातून सूर्य तांबूस दिसतो आणि धुक्यातून पांढरट.

चालू वाहनाचे चारही इशारा-दिवे लुकलुकत ठेवण्याची प्रथा अलीकडे पुष्कळ पसरली आहे. तिचा विचार चिन्हमीमांसेच्या अंगाने करणे उद्बोधक ठरेल. सोस्यूर याने प्रतिपादिल्याप्रमाणे चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांपासून असलेल्या भेदात असते. चारही दिव्यांचा मूळ अर्थ 'हे वाहन थांबले आहे अथवा संकटात आहे' असा आहे. धावणाऱ्या प्रत्येक वाहनाने तेच चिन्ह धारण केले तर थांबलेले वाहन ओळखण्याचे साधनच नष्ट होते. शिवाय पुष्कळ वाहनांत ते दिवे चालू असता वळण्याचा वेगळा इशारा देता येत नाही. धुक्यात चिन्हे आधीच थोडी उरलेली असतात. त्यांतील एकाचा अर्थ पुसून टाकणे परवडणारे नाही.

धूर आणि धुके एकत्र आल्यास काय होते, याची उदाहरणे अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात सापडतात. ९ जानेवारी २००८ रोजी तेथील आंतरराज्य महामार्ग ४ वर आगीचा धूर व धुके मिसळून सुमारे ७० वाहने एकमेकांवर आदळली. २९ जानेवारी २०१२ रोजी गेन्सव्हिलनजीक आंतरराज्य महामार्ग ७५ काही तास बंद ठेवून पहाटे खुला करण्यात आला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात झालेल्या टकरींत ११ जण मृत्युमुखी पडले. ओलसर पालापाचोळा धुमसत असता त्यातून धुराबरोबर पाण्याची वाफही निघते. ती थंड, दमट हवेत मिसळली की दृश्यता तीन मीटरांच्याही खाली जाऊ शकते, आणि हे काही मिनिटांत घडते. क्षणापूर्वीचा मोकळा रस्ता पुढच्या क्षणाची हमी देत नाही, हा या घटनांचा धडा होय. पंजाब-हरियाणातील भाताचे खुंट किंवा कोल्हापूर-सांगलीकडील उसाचे पाचट रस्त्यालगत पेटविले जाते, तेथेही हाच धोका संभवतो. गळिताच्या हंगामात मागे दिवा वा परावर्तक पट्टी नसलेली उसाची ट्रॉली त्याच रस्त्यावर असते, हेही विसरून चालणार नाही.

विशेषणाच्या जागी माप आणल्याचे एक उत्तम उदाहरण टेनेसी राज्यातील कॅल्हूननजीक आढळते. ११ डिसेंबर १९९० रोजी तेथे धुक्यात ९९ वाहनांची साखळी टक्कर होऊन १२ जण मृत्युमुखी पडले व ४२ जखमी झाले. त्यानंतर रस्त्यालगत दृश्यता मोजणारी यंत्रे आणि बदलत्या वेगमर्यादेचे फलक बसविण्यात आले. दृश्यता सुमारे ४०० मीटरच्या खाली गेली की मर्यादा ताशी ८० किलोमीटरच्या आसपास, सुमारे १४६ मीटरच्या खाली गेली की ५६ च्या आसपास, आणि सुमारे ७३ मीटरच्या खाली गेली की रस्ताच बंद, अशी योजना ठरली. तेथे फलक 'सावकाश' म्हणत नाही, आकडा सांगतो.

जेथे अशी यंत्रे नाहीत, तेथे चालकाला स्वतःच माप घ्यावे लागेल. त्यासाठी एक साधी रीत आहे. धुक्यातून एखादा खांब वा दगड प्रथम दिसताच सेकंदांच्या लयीने मोजावयास प्रारंभ करावा, आणि तो बाजूस येईपर्यंत किती अंक झाले हे पाहावे. वर दिलेल्या अंतरांचे वेळेत रूपांतर केल्यास ताशी ४० वेगास सुमारे ४, ६० वेगास ५ आणि १०० वेगास साडेसहा सेकंद लागतात. मोजलेला अंक याहून कमी भरला तर वेग दृष्टीच्या पुढे गेला आहे, हे निश्चित समजावे, आणि मागच्या वाहनास इशारा मिळेल अशा बेताने तो हळूहळू उतरवावा. दिवे नसलेला काळपट ट्रक परावर्तक लावलेल्या खांबाच्या मानाने उशिरा दिसतो, म्हणून एक-दोन अंकांची शिल्लक ठेवणे इष्ट. इतकेही साधत नसेल तर पुढे जाऊ नये. मात्र थांबावयाचे ते रस्त्यावर किंवा त्याच्या कडेला नव्हे, तर पेट्रोल पंप, टोलनाका किंवा धाबा यांच्या आवारात, रस्त्यापासून पूर्णपणे दूर. कडेला दिवे लावून उभे राहिलेले वाहन मागून येणाऱ्यास धावते वाहन वाटते, आणि तो त्याच्याच रोखाने येतो. टक्कर होऊन वाहन मार्गातच अडकले, तर इतर वाहनांचा अंदाज घेऊन आतील माणसांनी शक्य तितक्या लवकर कठड्यापलीकडे जावे, कारण अशा अपघातांत पहिल्या टकरीमागून दुसरी व तिसरी येत असते.

सारांश, धुके चालकाची केवळ दृष्टी आखूड करीत नाही, तर वेग व अंतर यांविषयीचे त्याचे अंदाजही अविश्वसनीय करते. ज्या अंदाजावर 'सावकाश' या शब्दाचा अर्थ अवलंबून आहे, तो अंदाजच जेथे बिघडलेला आहे, तेथे तो शब्द पुरा पडत नाही. महामार्गावरील सूचना लिहिणाऱ्यांनी त्या शब्दापुढे आकडा लिहावा, आणि आकडा नसेल तेथे चालकाने तो मोजून घ्यावा. जितके दिसते तितक्यात थांबता येईल, इतकाच वेग सुरक्षित होय.