शेजाऱ्याची गोळी नको, सोबत हवी

गोळ्या चालू असूनही रक्तदाब उतरत नाही, असा वयस्क रुग्ण दवाखान्यात आला की मी एक प्रश्न हमखास विचारतो, "घरी कोण कोण असतं?" पुष्कळदा उत्तर येते, "कोणी नाही साहेब. पोरं पुण्याला, मी एकटाच." पुढचे न सांगताच कळते. एकट्यापुरता स्वयंपाक करण्याचा कंटाळा, म्हणून भाकरी आणि खारट लोणचे. गोळी चुकली तर आठवण द्यायला कोणी नाही. रात्री झोप नाही.

एकटेपणा हा नुसता मनाचा विषय नाही. सततच्या काळजीने शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात, आणि त्यांचा परिणाम रक्तदाब, साखर व झोप यांवर होतो. २०१० साली अमेरिकेतील संशोधिका होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची नोंद होती. ज्यांचे नातेसंबंध भक्कम, त्यांची त्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

आपल्या मराठवाड्याला हे वेगळ्या रीतीने ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगड-मातीची माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. पुढे घरांची दुरुस्ती सुरू झाली, तेव्हा लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत गावोगावच्या महिलांना 'संवाद साहाय्यक' नेमण्यात आले. 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. भूकंपात टिकणारे बांधकाम कसे करायचे, हे या बायका स्वतः शिकल्या आणि दारोदार जाऊन इतरांना सांगू लागल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा यांतल्या काही जणी तेथील बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. ज्यांनी एवढे सोसले, त्याच दुसऱ्यांना धीर देत होत्या.

याची दुसरी बाजूही पाहा. पुनर्वसनात सरळ रस्ते आणि चौकोनी प्लॉट आले, घरे पक्की झाली. पण पुष्कळ ठिकाणी जुनी गल्ली आणि जुना शेजार विखुरला. घर शासन बांधून देऊ शकते, शेजार मात्र आपल्यालाच जमवावा लागतो.

येथे एक इशारा. अनुभव वाटावा, औषध वाटू नये. "मला या गोळीनं गुण आला, तुम्हीही घ्या," असे प्रेमाने सांगणारे पुष्कळ असतात. परंतु रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी दमेकऱ्याला धाप लागते. शेजाऱ्याने गोळी देण्याऐवजी सोबत दवाखान्यात यावे, हे उत्तम.

वाचकहो, एवढे जरूर करा. रोज एक वेळचे जेवण कोणासोबत तरी घ्या. सकाळी फिरायला जोडीदार शोधा; तुम्ही आला नाहीत तर तो चौकशीला घरी येईल. गोळ्यांची वेळ घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना सांगून ठेवा. परगावच्या मुलांनी फोनवर "पैसे पोचले का?" एवढेच न विचारता "आज कोणाशी बोललात?" हेही विचारावे.

आणि तुमच्या गल्लीत एखादे दार दिवसभर बंद दिसले, तर आजच ते वाजवा.