सोलापूरच्या कुंडीतलं डाळिंबाचं बेट

जपानी बोन्सायमध्ये चोजुबाईला मोठा मान आहे. गुलाबाच्या कुळातलं, सफरचंद-नाशपातीच्या नात्यातलं हे बुटकं काटेरी झुडूप. पानं बारीक, फुलं लालभडक, फांद्यांची जाळी दाट. त्याचं खोड जाड व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि बुंध्यातून फुटवे मात्र सतत येत राहतात. जपानी माळ्यांनी या स्वभावाशी भांडण मांडलं नाही. त्यांनी झाडाचं बेटच करायचं ठरवलं. एकाच मुळावरून उठलेली पाच, सात, नऊ खोडं, बुंध्याशी एकजीव आणि वर जाताना फाकत गेलेली. या शैलीला तिकडे काबुदाची म्हणतात. तिची चित्रं पाहून आपल्याकडच्या हौशी लोकांना चोजुबाईची काडी मिळवावीशी वाटते, हे समजण्यासारखं आहे. माझं म्हणणं एवढंच, की सोलापुरात ही शैली जरूर घ्यावी, झाड मात्र घेऊ नये. त्या शैलीला हवं ते झाड या जिल्ह्यात आधीपासून आहे, आणि ते कधी फुटतं, कधी फुलतं, कशानं मरतं हे जाणणारी माणसंही इथेच आहेत.

चोजुबाईला आधी थंडी लागते. हिवाळ्यात पानं गाळून तिचे डोळे काही आठवडे गारठ्यात झोपले नाहीत, तर वसंतात ते एकसारखे फुटत नाहीत. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीसुद्धा पारा साधारण पंधरा अंशांच्या आसपास असतो, आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडणं ही इथली नित्याची गोष्ट. त्यात इथलं पाणी जड आणि माती चुनखडीची. अशा मातीत या झाडाला लोह उचलता येत नाही, पानं शिरांमधून पिवळी पडतात. काहीजण सुचवतात, की कुंडी हिवाळ्यात फ्रिजमध्ये ठेवावी. एखादं झाड तसं जगेलही. पण उरलेले नऊ-दहा महिने ज्या झाडाला हवाच मानवत नाही, त्याला फ्रिजमधल्या मुक्कामानं फार तर तग धरता येईल. बोन्सायला दरवर्षी जोमानं फुटणारं झाड लागतं, कारण छाटणी ही त्या फुटीवरच चालते.

आता डाळिंबाकडे पाहू. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस या अवर्षणप्रवण तालुक्यांतल्या मुरमाड जमिनींनी हे पीक उचलून धरलं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापूरजवळ केगावला आलं, आणि सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं फळासाठी झालं, बोन्सायवाल्याच्या कामाची गोष्ट मात्र बागेत खाली वाकून पाहिल्यावर दिसते. डाळिंब मुळात झुडूपच आहे. मोकळं सोडलं तर ते बुंध्यातून डझनभर फुटवे काढतं. महाराष्ट्रातले बागाईतदार त्याला एकखोडी करत नाहीत, तीन-चार खोडं राखतात. कारण हिशेबी आहे. खोडकिडा किंवा शॉट होल बोरर एका खोडात शिरला, तर ते कापून टाकता येतं आणि झाड उरलेल्या खोडांवर उभं राहतं. राखलेल्या खोडांखेरीज बाकीचे फुटवे आणि आतले पाणसोट वरचेवर काढावे लागतात, त्यावर मजुरी जाते. थोडक्यात, जो स्वभाव बागाईतदाराला खर्चात पाडतो, तोच बेट करणाऱ्याचं भांडवल आहे. फरक मांडणीचा. बागेत खोडं एकमेकांपासून दूर, उजेड आणि फवारा आत जाईल अशी ठेवतात. कुंडीत ती बुंध्याशी जवळ आणायची आणि वर फाकवायची.

बेट दोन वाटांनी होतं. पहिली वाट सरळ आहे. एक मुळं धरलेलं रोप जमिनीलगत कापायचं, येतील ते फुटवे येऊ द्यायचे आणि त्यातले पाच-सात राखायचे. डाळिंब यात हयगय करत नाही. दुसरी वाट काड्यांची. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पक्व झालेल्या, वीतभर लांबीच्या काड्या घ्यायच्या, बुडखा आयबीए या संजीवकात बुडवायचा आणि पाण्याचा निचरा होणाऱ्या माध्यमात लावायच्या. रोपवाटिकांत गुटी कलमाबरोबर फाटे कलमही याच पद्धतीनं होतं. मुळं फुटली की एका टणक चकतीला एकमेकांच्या जवळ भोकं पाडून प्रत्येक भोकातून एकेक रोप ओवतात. खोड वाढलं की भोकात आवळलं जातं, आवळलेल्या जागेच्या वर नवी मुळं सुटतात, बुंधे फुगून एकमेकांना भिडतात. शुद्धतावादी म्हणतील, की हे खरं बेट नव्हे, शेजारी शेजारी लावलेली झाडं झाली. हा आक्षेप पहिल्या काही वर्षांपुरता खराच आहे. पण सगळ्या काड्या एकाच झाडाच्या असल्या तर पानाचा आकार, फुलाचा रंग आणि फुलण्याची वेळ एकच राहते, आणि बुंधे भिडल्यावर पाहणाऱ्याला ती एकाच मुळाची वाटतात. वेगवेगळ्या झाडांच्या काड्या मिसळल्या तर मात्र ते बेट कायम जत्रेसारखं दिसतं. घाईच्या माणसानं काड्यांची वाट धरू नये. फुटव्यांच्या बेटाचा बुंधा पहिल्या दिवसापासून एक असतो, आणि मला तीच वाट अधिक पसंत आहे.

या सगळ्याचा गाभा ताण आहे. चोजुबाईला जी विश्रांती थंडी देते, ती डाळिंबाला सोलापूरचा शेतकरी पाणी तोडून देतो. इराण आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून आलेलं हे झाड थंड प्रदेशात हिवाळ्यात पानं गाळतं. इथे थंडी पुरत नाही, म्हणून ते जवळजवळ बारमाही हिरवं राहतं आणि जमेल तेव्हा थोडं थोडं फुलत बसतं. बहार धरायचा म्हणजे पाणी बंद करायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची, गरज पडल्यास इथरेल या औषधानं ती गाळायची, हलकी छाटणी करायची, खत घालायचं आणि मग पाणी सोडायचं. झाड सगळीकडून एकदम फुटतं. अंबिया, मृग आणि हस्त हे तिन्ही बहार या एकाच युक्तीवर उभे आहेत. बोन्सायच्या पुस्तकांत हे सापडणार नाही, कारण ती लिहिणाऱ्यांच्या देशात हिवाळा फुकट मिळतो. कुंडीला मात्र बागेचं वेळापत्रक जसंच्या तसं लावता येत नाही. जमिनीतलं झाड महिना-दीड महिना ताण सोसतं. उथळ कुंडीतली माती मे महिन्यात दोन दिवसांत कोरडी ठणठणीत होते आणि मुळं भाजतात. म्हणून मृग बहाराचा उन्हाळी ताण कुंडीत धरूच नये. अंबिया बहार सोयीचा. नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी कमी करत न्यायचं, तोडायचं नाही. पानं झडली की खोडांची मांडणी उघडी दिसते, तारा बांधायच्या असतील तर याच वेळी बांधायच्या, आणि जानेवारी-फेब्रुवारीत कळ्या येतात. योगायोग असा, की चोजुबाईच्या फुलण्याचा हंगामही साधारण हाच.

जात कोणती घ्यावी? भगवा बागेत राजा असला तरी कुंडीत अडचणीचा आहे. अडीचशे-तीनशे ग्रॅमचं फळ बोटभर फांदीला लटकलं की झाडाचं प्रमाणच बिघडतं, कारण फांदी आणि पान छोटं करता येतं, फळ छोटं होत नाही. यासाठी नाना ही बुटकी जात आहे. पान बारीक, फूल लहान, फळ लिंबाएवढं, आणि ती लहान वयात फुलते. ती केवळ शोभेची म्हणून हिणवली जाते, ते बरोबर नाही. केगावच्या केंद्रानं काढलेल्या आणि लोह, जस्त व क जीवनसत्त्वाचं प्रमाण अधिक असलेल्या सोलापूर लाल या वाणाच्या वंशावळीत भगवा, गणेश आणि दारू या डाळिंबांबरोबर नानाही आहे. गणेश हा तर पुण्यात डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदीच्या डाळिंबातून निवडलेला. कुंडीतलं शोभेचं झाड आणि बाजारातलं फळ यांचं नातं असं कागदोपत्री जवळचं आहे.

यावर सौंदर्याचा एक आक्षेप येतो, आणि तो मला टाळता येत नाही. चोजुबाई निष्पर्ण, जुन्या काडीवर फुलते. डाळिंबाचं फूल बहुतेक नव्या फुटीच्या टोकाला, पानांसोबत येतं. म्हणजे आकार नेटका ठेवायला शेंडे खुडत राहिलं तर फुलंच खुडली जातात. हे नुकसान मान्य करून काम करावं लागतं. बहाराची फुलं येईपर्यंत झाड थोडं विसकटलेलं राहू द्यायचं, फुलं संपल्यावर कापायचं. शिवाय डाळिंबाची पुष्कळ फुलं नर असतात आणि गळतात. बुडाशी फुगीर, सुरईसारख्या घाटाची तेवढी फळ धरतात. गळ पाहून घाबरून पाणी वाढवू नये, त्यानं पाणसोटच वाढतात. बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, घरात ठेवू नये, हेही ऐकू येतं. ज्या जिल्ह्यात बहारासाठी हजारो झाडांची पानं औषधानं गाळतात, तिथे दोन कुंड्यांच्या छाटणीवर हा आरोप जरा जास्तच होतो.

खरा, गंभीर आक्षेप रोगाचा आहे. बागेतल्या छाटणीच्या फांद्या फुकट मिळतात म्हणून त्यांचीच बेटं करावीत, हा मोह सोलापुरात होणारच. पण तेल्या हा जिवाणूजन्य रोग काडीबरोबर प्रवास करतो, मर रोगाची बुरशी आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी माती-मुळांबरोबर येतात. म्हणून मातृवृक्ष निरोगी असल्याची खात्री असलेल्या रोपवाटिकेतलं रोप किंवा ऊतिसंवर्धित रोप घ्यावं आणि त्याच्याच काड्या पुढे वापराव्यात. कुंडीत शेतातली काळी माती भरू नये. ती पाण्यानं फुगते, उन्हानं तडकते. चाळलेला मुरूम, विटांचे बारीक तुकडे आणि थोडं कुजलेलं शेणखत पुरतं. कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी. पावसाळ्यात पानांवर तेलकट डाग दिसले तर ती कुंडी वाचवत बसू नये, जाळून टाकावी. आणि ज्यांची स्वतःची डाळिंबाची बाग आहे, त्यांनी शोभेचं डाळिंब बागेच्या बांधावर किंवा पंपघरापाशी ठेवूच नये. गावातल्या घराची गच्ची त्याला जास्त योग्य.